विटभट्टीच्या वळणावरचं शून्य

३ मार्च

मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची अक्षरं तुला दिसत नाहीत, म्हणून पुन्हा कागद आणि पेन. माझं अक्षर सुधारलंच तर श्रेय तुझ्या कानांना.

मी सध्या ड्रेजरच्या कामावर आहे. म्हणजे ड्रेजरवर नाही, त्याच्या पुढे. मालाच्या बोटी गाळात रुतायला लागल्यात, म्हणून नदीचा बारा किलोमीटरचा तळ खणून खोल करायचाय. ड्रेजर पोचायच्या आत आम्ही तळातले शिंपले हाताने उचलतो, पाठीवर नंबराची टिकली चिकटवतो आणि वरच्या अंगाला, जिथे खणणार नाहीत तिथे, रोपं लावतात तसे एकेक करून लावतो. उघडं टोक वर. उलटा लागला तर बिचारा गुदमरतो, हे तूच शिकवलंस. मी आणि एक पाणबुड्या असे दोघंच आहोत. तो दिवसभर पाण्याखाली असतो आणि वर आला की दिवसभराचं साचलेलं बोलतो.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही, सरळ विचारते. विटभट्टीचं वळण आठवतं ना? चौतीस वर्षांपूर्वी तिथली पाहणी तू केली होतीस आणि अहवालात लिहिलं होतंस, शिंपले शून्य. नियम असा आहे की जिथे पूर्ण पाहणी होऊन शून्य आलंय तिथे पुन्हा पाहणी करायची नाही, ड्रेजर थेट उतरवायचा. वीस एप्रिलला उतरणार आहे. आम्ही तिथे नुसते नांगर टाकून डबे उघडून जेवत होतो. नांगर अडकला, पाणबुड्या सोडवायला खाली गेला आणि दोन्ही हातांत शिंपले घेऊन वर आला. नांगराभोवती अकरा मिळाले. मी त्यांच्या पाठीवरच्या रेघा मोजल्या, वर्षाला एक या हिशोबाने. सगळ्यात लहान बारा वर्षांचा निघाला. सगळ्यात म्हातारा एक्कावन्न.

एक्कावन्न वर्षांचा शिंपला चौतीस वर्षांपूर्वी सतरा वर्षांचा असणार. मग तुला तो सापडला कसा नाही? साहेब म्हणतात, "तुमच्या मामांचा आकडा चुकत नाही, हे तुम्हीच आम्हाला दहा वेळा सांगितलंय." मी सांगितलंय खरं. नकाशात वळणाचं नाव चुकलं होतं का? तू लिहिलंस की मी नवी पाहणी मागेन.

मामीला सांग, मी वेळेवर जेवते. खोटं आहे, पण सांग.

तुझी टिटवी

——

११ मार्च

टिटवे,

पत्र पोचलं. अक्षर सुधारलेलं नाही.

नकाशा बरोबर आहे. विटभट्टीचं वळण म्हणजे तेच. त्यात घोळ नाही.

रेघांबद्दल. तू सगळ्या रेघा मोजल्यास, तिथे चूक झाली. पूर येऊन गेला की शिंपला काही आठवडे मिटून बसतो, वाढ थांबते आणि एक जादा रेघ पडते. ती वर्षाची रेघ नव्हे. भिंगाखाली बघ, वर्षाची रेघ कडेपर्यंत सलग जाते आणि पुराची मध्येच विरते. त्या वळणाला पाणी फार आपटतं, तेव्हा तिथल्या शिंपल्यांवर खोट्या रेघा पुष्कळ असणार. त्या वगळल्यास तर वय तीसच्या आतबाहेर येईल असा माझा अंदाज आहे. मोठ्या पुरात वरून वाहून येणंही अशक्य नाही. अकरा म्हणजे काही वस्ती नव्हे.

बाकी ठीक. तुझी मामी म्हणते की डबा उघडून जेवण्याइतका वेळ मिळतो हे वाचून बरं वाटलं.

मामा

——

१९ मार्च

मामा,

तुझं बरोबर होतं, नेहमीसारखं. दोन दिवस भिंग डोळ्याला लावून बसले. तू सांगितलंस तशा विरणाऱ्या रेघा आहेत. सगळ्या तशा नाहीत, काही मला दोन्ही बाजूंनी पटतात, पण जिथे शंका आली तिथे मी रेघ वगळली. म्हातारा एक्कावन्नवरून एकतीसवर आला. तुझ्या शून्यानंतर तीन वर्षांनी जन्मलेला, म्हणजे वाद मिटला.

बैठकीत मी तसं सांगून टाकलं. पाणबुड्या टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होता. त्याचं म्हणणं, वाहून आलेले शिंपले आडवे-तिडवे पडतात आणि हे अकराही सरळ उभे रुतलेले होते. मी त्याला म्हटलं, तू नांगर सोडव, मोजायचं आम्ही बघतो. साहेबांनी तुझ्या अहवालाची प्रत काढून सगळ्यांना दाखवली. असं काम आता कोणी करत नाही, म्हणाले. मला बरं वाटलं. उगाच तुझ्यावर शंका घेतली म्हणून वाईटही वाटलं.

शंका मिटली म्हणून तारीख अलीकडे आणलीय. वीस एप्रिलऐवजी ड्रेजर दोन एप्रिललाच उतरेल. ठेकेदार खूष आहे, त्याने आम्हाला चहा पाजला.

ते अकरा मी टिकल्या लावून वर नेऊन सोडले. अहवालात नसलेल्यांना टिकली लावता येत नाही, पण स्वतःच्या खिशातून चार पैशांची टिकली लावायला कोणाची परवानगी लागते?

टिटवी

——

२८ मार्च

चिरंजीव टिटवीस,

मामीचा आशीर्वाद. तुझ्या मागच्या पत्राचं उत्तर तुला मिळालं नसणार, कारण ते लिहिलंच गेलेलं नाही. तुझे मामा आठवडाभर मिठाची गुळणी धरून बसलेत. दोनदा लिहायला बसले, दोनदा फाडलं. "टिटवीला कळव, मला सर्दी झालीय," असं मला सांगितलंय. त्यांना सर्दी झालेली नाही.

फोन करून सांगितलं असतं, पण हे समोरच खुर्ची टाकून बसलेले असतात. ऐकू येत नसलं तरी ओठ वाचतात, आणि स्वतःचं नाव तर भिंतीपलीकडूनही वाचतील. आत्ता न्हाणीघरात आहेत, म्हणून लिहितेय.

तू काय विचारलंयस ते मी वाचलं. वाचायचं नव्हतं, पण वाचलं. तो अहवाल मीच टाईप केला होता. तेव्हा मी त्याच ऑफिसात टायपिस्ट होते आणि आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. टायपिस्टने मजकुरात लक्ष घालायचं नसतं, समोर आलेलं बडवायचं असतं. शून्य आलं, मी शून्य बडवलं.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिलीय. त्या गढूळ पाण्यात हे हातमोजे न घालता, चाचपून शिंपले शोधायचे. शिंपल्याच्या कडेने बोटं कापायची. कधी जास्त कापायची, कधी कमी. विटभट्टीच्या वळणावर हे नऊ दिवस होते आणि घरी आले तेव्हा दोन्ही तळवे असे झाले होते की महिनाभर मी त्यांना शर्टाची बटणं लावून देत होते. शून्य शिंपल्यांनी हात कापत नाहीत, एवढं मला टायपिस्ट असूनही कळतं.

यातून काय निघतं ते तू बघ. सुंभ जळला तरी पीळ जात नाही अशातला हा माणूस आहे. पण वाईट नाही. चौतीस वर्षं सांभाळलाय म्हणून सांगते.

पाणी बंद झालं. थांबते.

मामी

——

३० मार्च

टिटवे,

मागच्या पत्रात मी रेघांबद्दल लिहिलं ते तंत्र म्हणून खरं आहे. तुझ्या शिंपल्यांना ते लागू नव्हतं. तुझी पहिली मोजणी बरोबर होती.

विटभट्टीच्या वळणावर मी दोन हजार दोनशे चाळीस शिंपले मोजले. खालचे शंभर मीटर सोडले तर आतल्या बाजूने थेट वरच्या टोकापर्यंत वस्ती होती. अहवालात शून्य लिहिलं ते जाणूनबुजून.

कारण सांगतो. सबब म्हणून नाही. तेव्हा शिंपल्यांची बटणं बनत आणि बटणवाल्यांना कच्चा माल लागे. माझे अहवाल ऑफिसच्या वाचनालयात कोणालाही बघायला मिळत. मी ज्या वळणावर एकोणीसशे लिहिले तिथे पुढच्या वर्षी गेलो तर सहा उरले होते. दुसऱ्या ठिकाणी चौदाशे लिहिले, तिथे एकही नाही. तळावर दाताळ्यांचे चरे होते, समांतर. वाचनालयाच्या वहीत नाव बघितलं तर बटणवाल्यांच्या माणसाने दोन्ही अहवाल मागवून घेतलेले. म्हणजे मी नदीत उतरून, कान फोडून घेऊन, त्यांना पत्ता लिहून देत होतो. तिसऱ्या वेळी मी पत्ता दिला नाही. विटभट्टीच्या वळणावर कोणी गेलं नाही. मला ते माझं सगळ्यात चांगलं काम वाटत आलं.

तू पहिलं पत्र लिहिलंस तेव्हाच सांगायला हवं होतं. मी घाबरलो. एकतीस अहवालांवर माझं नाव आहे आणि तू शाळेच्या पोरीसारखी त्या नावाच्या शपथा घेतेस. ते सोडवेना. आता तुझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं आणि तारीख अलीकडे आणली, हे मी केलं. मला लाज वाटते.

हे पत्र तुला हवं तसं वापर.

मामा

——

४ एप्रिल

मामा,

मामीचं पत्र परवा आलं, तुझं आज. मामीचं घेऊन मी साहेबांकडे गेले होते. त्यांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "बाई, तळव्यांच्या आठवणीवर ड्रेजर थांबवता येत नाही." बरोबर आहे त्यांचं. मी स्वतः पंधरा दिवसांपूर्वी भर बैठकीत उलटं सांगितलं होतं.

ड्रेजर दोन तारखेला उतरला. खालच्या टोकाकडून सुरुवात केलीय आणि दिवसाला चाळीस मीटर सरकतो. आज संध्याकाळी एकशे वीसवर असेल. तुझे शंभर मीटर संपले.

तुझं पत्र याच पाकिटातून परत पाठवतेय. "हवं तसं वापर" म्हणजे काय? माझ्या खांद्यावर बंदूक ठेवायची आणि बार माझ्या हातून उडवायचा? मी ते दाखवलं असतं तर भाचीने म्हाताऱ्या मामाचं खाजगी पत्र चव्हाट्यावर आणलं असं झालं असतं, आणि तू घरी सर्दी होऊन बसला असतास. हे तू मला लिहिलंयस. ऑफिसला तू लिही.

आणि एक. शिंपल्याची बटणं आता कोण लावतं? पंचवीस-तीस वर्षं झाली, सगळी प्लास्टिकची येतात. ज्यांना तू घाबरत होतास ते बटणवाले केव्हाच दुकान गुंडाळून गेले. त्यानंतर कुठल्याही दिवशी ऑफिसात जाऊन खरा आकडा देता आला असता. शिंपल्यांना बटणवाल्यांपासून वाचवलंस, मान्य आहे. पुढची तीस वर्षं तू वाचवत होतास ते नावाला. आगीतून काढलंस आणि फुफाट्यात ठेवून दिलंस.

मला राग आलाय, आणि तो जपून शब्द वापरून सांगता येत नाहीये. ज्या रेघा मला दिसत होत्या त्या मी तुझ्या शब्दावर पुसल्या.

मामीला फोन करून हे सांगता आलं असतं. पण तुझ्या हातात पडायला हवं होतं.

टिटवी

——

८ एप्रिल

टिटवे,

ऑफिसच्या बाकावर बसून लिहितोय. पत्र काल मिळालं. पोस्टाने अर्ज पाठवला असता तर आणखी दीडशे मीटर गेले असते, म्हणून पहाटेची बस धरली.

शिपायाने दोन तास बसवलं. मग साहेब भेटले. तुझ्याहून लहान आहेत. मी बहिरा आहे म्हटल्यावर ते मोठ्याने ओरडायला लागले, आणि बाहेरचे लोक डोकावायला लागले तसे वही घेऊन लिहायला लागले. त्यांनी लिहिलं, "तुमच्या आकड्यावर आम्ही बोटींचा मार्ग आखलाय." मी म्हटलं, आकडा खोटा आहे. त्यांनी लिहिलं, "चूक झाली असं म्हणायचंय का?" तो सभ्य माणूस आहे, मला वाट काढून देत होता. मी म्हटलं, चूक नाही, मी खोटं लिहिलं. सगळं लिहून आणलं होतं, त्यावर त्यांच्यासमोर सही केली. तुझी दुसरी मोजणी माझ्या सांगण्यावरून झाली, हेही त्यात आहे.

त्यांनी फोन उचलला. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण ओठांवर "थांबवा" हा शब्द स्पष्ट होता.

रागाबद्दल तू लिहिलंस ते सगळं बरोबर आहे. बसला अजून तासभर आहे.

मामा

——

६ मे

मामा,

एवढे दिवस लिहिलं नाही कारण पाण्याबाहेर फार नव्हते. हकिगत सांगते.

ड्रेजर नऊ तारखेला सकाळी थांबला. दोनशे ऐंशी मीटर खणून झाले होते. शंभर वजा केले तर वस्तीचे एकशे ऐंशी मीटर गेले. उरलेल्या तीनशे वीस मीटरमध्ये आम्ही चौकटी टाकून पूर्ण पाहणी केली. सव्वीस दिवस लागले. चौदाशे त्रेसष्ट जिवंत शिंपले वर नेऊन लावले, एकेक हाताने. सगळ्यात म्हातारा अठ्ठावन्न वर्षांचा. या वेळी मी सगळ्या रेघा मोजल्या.

किनाऱ्यावर गाळाचा ढीग टाकलाय, तोही उपसला. त्यात तीनशे एकाहत्तर फुटके सापडले. आणखी असतील, ढीग मोठा आहे. काही उघडले तर आत अजून ओले होते.

साहेबांनी मला कामावरून काढलं नाही. ठेकेदार आता चहा पाजत नाही, एवढंच.

आता तुझं. तुझे एकतीसच्या एकतीस अहवाल 'ग्राह्य नाहीत' या यादीत टाकलेत. वरच्या अंगाला तुझ्या आकड्यांवर नदीचे जे पट्टे न खणता राखून ठेवलेत त्यांच्यावरही आता प्रश्नचिन्ह लागलंय. तुला पत्र येईल. बाकीच्या अहवालांत असा प्रकार कुठेही केलेला नाही, एवढी एक ओळ लिहून सही मागतील. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामांनी तेवढं लिहून दिलं तर बाकीचे तीस मी परत यादीत घालतो. माझी भिस्त त्यांच्यावर आहे अजून." मला ते बरं वाटलं हे कबूल करते. तुझ्यावरचा राग अर्धा उतरलाय. उरलेला ठेवून घेतलाय.

तेव्हा ती ओळ लिही आणि वेळेत पाठव.

टिटवी

——

१५ मे

टिटवे,

ती ओळ मी लिहिली नाही.

विटभट्टीनंतर आणखी तीन ठिकाणी शून्य लिहिलेलं आहे. जुन्या पुलाखाली, कागदाच्या गिरणीमागे आणि दोन ओढे मिळतात तिथे. कारण तेच. खरे आकडे मी स्वतःकडेही ठेवले नाहीत, कागद घरात राहिला तर कोणाच्या हाती लागेल अशी भीती असायची. पण मोठ्या वस्त्या होत्या एवढं सांगतो. पुढच्या वर्षीच्या खणण्याचा नकाशा साहेबांनी त्या दिवशी टेबलावर पसरलेला होता. तिन्ही जागा त्यात आहेत.

हे सगळं ऑफिसला कळवलं. तुझ्या मामीने टाईप केलं. तिसरं नाव आलं तेव्हा थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अजून किती?" मी म्हटलं, संपले. यादीत परत यायचा प्रश्न आता उरला नाही. बाकीचे सत्तावीस खरे आहेत, पण ते माझ्या शब्दावर कोणी मानू नये. राखून ठेवलेल्या पट्ट्यांचे आकडे तुम्ही लोकांनी नव्याने काढा. जड जाईल. मला रात्री झोप लागत नाही ती त्याच्याच काळजीने, नावाच्या नाही, असं म्हटलं तर तू विश्वास ठेवशील की नाही कोण जाणे.

एक मागणं आहे. तिन्ही जागी तू स्वतः उतर. तिथे शिंपले मिळाले तर मी आणखी तीनदा खोटा ठरेन. आणि काहीच मिळालं नाही, मध्यंतरी मरून गेले असले, तर माझं शून्य खरं ठरेल. तसं झालं तर मला पत्र लिहू नकोस.

मामा

——

२ जून

मामा,

काल आम्ही दोघं जुन्या पुलाखाली उतरलो. तू एक नंबरचा खोटारडा आहेस. चारशे बारा, आणि अजून अर्धं वळण बाकी आहे.

टिटवी